शून्यावरची बाई

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘मोजणी’ म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, की आपल्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत आणि अकरावी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या इंचाने उंच आहे. सासूबाई त्याच पायरीवर तीस वर्षं अडखळत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “घ्या. आता घरात मोजणीवाली आली.”

ती विणकामाच्या कारखान्यात नमुने आखायची. चौकटीच्या कागदावर ओळी, टाके, रंग. चौदा वर्षं तेच. मग नमुने आखणारी संगणकी यंत्रं आली आणि आठ जणींपैकी सहा जणी घरी बसल्या. आमचीही त्यांतलीच एक. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मला म्हणाली, “ताई, ज्याने मला घरी बसवलं ते काय आहे ते मला शिकायचंय.” वय चाळीस. प्रवेश परीक्षा दिली, पास झाली आणि विद्यापीठात संगणकशास्त्राच्या वर्गात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांत जाऊन बसली. दीर नुसते थट्टा करायचे, की आता डबा भरताना मुलीचा कुठला आणि आईचा कुठला ते बघावं लागतं. पण रोज सकाळी दोन्ही डबे तेच भरायचे, हेही सांगायला हवं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. खरी गोष्ट दुसऱ्या वर्षाची.

दुसऱ्या वर्षी चौघांच्या गटात एक प्रकल्प करावा लागतो. तो केला नाही तर वर्ष वाया. आणि गट जुळतात ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळात, ज्याला मुलं क्लब म्हणतात. दर शनिवारी दुपारी मोठ्या प्रयोगशाळेत क्लब भरतो. ज्यांची नावं सभासदांच्या यादीत, त्यांनाच आत सोडतात आणि त्यांचेच गट नोंदवले जातात. मुदत महिनाअखेरची. मोजणीने पहिल्याच दिवशी अर्ज भरला. संगणकावर उत्तरही आलं, की आपण सभासद झाला आहात.

पहिल्या शनिवारी ती दारात गेली. दारावर एक रखवालदारीण बसते. तिने यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. नाव नाही. मागून येणारा एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “काकू, कुणाला घ्यायला आलात? आम्ही पाचला सुटतो.” ही परत आली.

घरी येऊन तिने पुन्हा अर्ज भरायला घेतला, तर संगणक तो घेईना. म्हणे, आपण आधीच सभासद आहात. दुसऱ्या शनिवारी दारावर तीच यादी, तेच बोट, तीच मान. म्हणजे घरातलं यंत्र म्हणतं तुम्ही आहात, दारातला कागद म्हणतो तुम्ही नाही. आणि दोन्ही एकाच क्लबचे.

तेव्हा तिने क्लबच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं. अध्यक्ष म्हणजे शेवटच्या वर्षातला एक हुशार मुलगा. त्याचं उत्तर मी स्वतः वाचलंय, त्यामुळे शब्द माझ्या पदरचे नाहीत. “यादी आपोआप निघते, त्यामुळे तिच्यात चूक होत नाही. कदाचित आपण एखादी अट पूर्ण करत नसाल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठली अट? नियमांचा कागद आम्ही दोघींनी दोनदा वाचला. विद्यार्थी असावा, एवढी एकच अट. मग उरलं काय? जे न लिहिता सगळ्यांना कळतं ते. बाईच्या केसांत पांढरं दिसलं की ती कुणाची तरी आई, तिने दाराबाहेर थांबावं. मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? यादी काढून बघण्याचे कष्टही त्याने घेतले नाहीत. यंत्रावर विश्वास ठेवला आणि चाळीशीच्या बाईवर संशय. सासूबाईंना मी वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “आपोआप तर दूधही उतू जातं. म्हणून काय ते बरोबर?”

मोजणी मात्र चिडली नाही. मला तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ताई, त्यांना नको असेन तर कशाला उगाच? मी पुढच्या वर्षी बघते.” पुढच्या वर्षी ती बेचाळीस होणार होती आणि ते तिला कारखान्यातल्या ओळींइतकं पक्कं मोजता येत होतं.

तिसऱ्या शनिवारी ती गेली ती माझ्या आग्रहाखातर. दारात उभं राहून पुन्हा तेच ऐकलं. पण त्या दिवशी रखवालदारिणीला कुणीतरी हाक मारली आणि यादी दोन मिनिटं हिच्या हातात राहिली. हातात कागद आला की ही काय करणार? मोजणार. वर लिहिलं होतं, एकूण सभासद त्रेचाळीस. खाली नावं बेचाळीस. तिने उलट दिशेने मोजली. बेचाळीसच. नावांपुढे जन्मतारखा होत्या आणि यादी वयाने मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेली होती, कारण यंत्रावर बसायला आधी मोठ्यांची पाळी. एक नंबरवर होता चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी. ही एक्केचाळीस.

घरी आली ती चप्पलही न काढता माझ्यासमोर बसली. तिने मला जे समजावलं ते मलाही कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. आपण माणसं मोजताना एकपासून सुरुवात करतो. संगणक शून्यापासून करतो. त्याच्या लेखी पहिला तो शून्यावर. “आमच्याकडेही होतं ना तसं,” ती म्हणाली. “सुयांवर टाके उभे करतो ती ओळ कागदावर शून्य. मोजायची नाही, पण वगळायचीही नाही. एका नव्या मुलीने विणायच्या यंत्राला एकपासून सुरू कर म्हणून सांगितलं होतं. दोनशे स्वेटर खालून उसवत आले.” ज्याने क्लबची यादी काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याने तेच केलं होतं. एकपासून छाप म्हणून सांगितलं होतं. शून्यावर जो असेल, म्हणजे वयाने सगळ्यात मोठा, तो छापलाच जात नव्हता.

चौथ्या शनिवारी मीही गेले. वाटेत मी त्या अध्यक्षाचा चांगला खरपूस समाचार घ्यायची तयारी केली होती. तिने दारातच बजावलं, “ताई, तुम्ही नुसतं बसायचं.” रखवालदारिणीला म्हणाली, आम्हाला आत नका सोडू, अध्यक्षांना बाहेर बोलवा. तो आला, घाईत होता. तिने रखवालदारिणीची यादी पुढे धरली आणि मोजायला सांगितलं. त्याने मोजली, हसला, पुन्हा मोजली, मग हसला नाही. आत नेऊन त्याने प्रोग्रॅम उघडला. चूक एका ओळीत होती, एका आकड्याची. भोवती सात-आठ मुलं जमली. अध्यक्ष म्हणाला, “अरेच्चा, छोटीशीच चूक आहे. काकू, तुम्ही शून्यावर होतात.” मुलं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. त्याने आकडा बदलला. वर तिचं नाव आलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

मी उठणार होते. तेवढ्यात मोजणीने विचारलं, “आणि गेल्या वर्षी शून्यावर कोण होतं?”

प्रोग्रॅम तीन वर्षं जुना होता.

त्याने दुरुस्त प्रोग्रॅममधून जुन्या वर्षांच्या याद्या पुन्हा काढल्या. प्रोग्रॅमच्या पहिल्या वर्षीची एक बाई, शिक्षण सोडून गेलेली. नंतरचा एक जण दुसऱ्या विद्यापीठात गेलेला. आणि गेल्या वर्षीचा, इस्पितळात रुग्णसेवकाचं काम करून शिकणारा पस्तिशीचा माणूस. अध्यक्षाला तो आठवला. “तो दोन-तीनदा दारापर्यंत आला होता. मग आलाच नाही. आम्हाला वाटलं, त्याला रस नाही.” गट न मिळाल्याने त्या माणसाचं वर्ष गेलं होतं आणि तो पुन्हा दुसऱ्या वर्षातच बसला होता. यंदा त्याने अर्जच केला नव्हता.

अध्यक्षाचा चेहरा उतरला, हे त्याच्या बाजूने सांगते. म्हणाला, तिघांनाही पत्र जाईल अशी सोय करतो, आपोआप.

“आपोआप नको,” मोजणी म्हणाली. “फोन करा. तुम्ही स्वतः. आत्ता.”

त्याने केले. बाईचा फोन लागला नाही. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. रुग्णसेवक मात्र तासाभरात आला, कामाच्याच कपड्यांत. अध्यक्षाने त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या माणसाने यादी हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग अध्यक्षाला नाही, मोजणीला विचारलं, “म्हणजे त्यांनी मला नको म्हटलंच नव्हतं?”

“नाही.”

“मी वर्षभर या मुलांशी बोललो नाही हो,” तो म्हणाला. “समोरून आली की मी रस्ता बदलायचो.”

त्याचं ते वर्ष कोण परत देणार? ‘छोटीशी’ हा शब्द मला अजून पचलेला नाही. वगळला गेलेला माणूस दारात येऊन भांडत नाही. तो आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून निघून जातो, आणि आतले म्हणतात, त्याला रस नाही. तिघंही तसेच गेले होते. चौथी परत आली, तीही मोजायची खोड होती म्हणून.

मोजणीचा, रुग्णसेवकाचा आणि मागे बसलेल्या दोन मुलींचा मिळून गट झाला. मुदतीला पाच दिवस राहिले असताना नोंदला गेला. मुली तिला आधी काकू म्हणायच्या. आता घरातलं नाव त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, मोजणीताई म्हणतात.

परवा मी तिची विसरलेली वही द्यायला गेले होते. दारावर रखवालदारीण नवी यादी घेऊन बसली होती. मुलं रांगेत चुळबुळत होती आणि ती कुणालाच आत सोडत नव्हती. एकेका नावावर बोट ठेवत, ओठ हलवत वरपासून खालपर्यंत मोजत होती. शेवटच्या नावाशी पोचली, वरच्या आकड्याकडे बघितलं, आणि मग दार उघडलं.