कमलचा प्रश्न आणि तरुणपणीचा मंद सूर्य

त्या दिवशी कर्जतच्या शाळेत, नववीच्या वर्गात मी एक चूक केली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नवीन बाई होते… तेवीस वर्षांची, आणि सगळं येतं असं दाखवायची घाई असलेली.

पुस्तकाबाहेरचं म्हणून मी सांगत होते, की चार अब्ज वर्षांपूर्वी आपला सूर्य आजच्या जेमतेम पाऊणपट तेजस्वी होता. तरीही पृथ्वीवर पाणी वाहत होतं, तशा खुणा जुन्या खडकांत सापडतात.

जवळच्या कोंडाणे गावाहून रोज चालत येणारी कमल उभी राहिली. "बाई, सूर्य मंद व्हता, तर पाणी गोठलं कसं नाय?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं… "भलते प्रश्न विचारू नकोस. बस खाली." ती बसली. त्यानंतर तिचा हात कधी वर गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दादरला मावशीकडे गेले होते. तिथल्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक चाळताना थबकलेच. शास्त्रज्ञांना पडलेलं कोडं म्हणून छापला होता तो कमलचाच प्रश्न! तेव्हाच्या हवेतले काही वायू सूर्याची ऊब धरून ठेवत असावेत, पण नेमके कोणते, यावर त्यांचं एकमत नव्हतं.

सुट्टी संपली, शाळा भरली, आणि कमल आलीच नाही. आठवडा गेला. रविवारी मी चालत कोंडाणे गाठलं.

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. तिचे वडील म्हणाले, "ती म्हनते, साळंत माजं डोकं चालत नाय. मंग कशाला धाडू, बाई?"

कमल आईच्या आडोशाला उभी होती. सगळ्यांसमोर बोलायला जीभ रेटेना… पण बोलले. "कमल, तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तुला गप्प केलं. चूक माझी होती गं."

वडिलांच्या हातातला भारा तसाच राहिला. "म्हंजी, हिचं बरोबर व्हतं?"

"मोठमोठे शास्त्रज्ञ तेच विचारतायत."

कमलचे डोळे भरले. "मला वाटलं, मीच येडी हाय…"

मी तिथेच पेंढ्यावर बसून मासिकातलं सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, आणि विचारलं, "पन बाई, मागनं सूर्याचं तेज वाढत गेलं, तवा त्या उबेनं पृथ्वी भाजली कशी नाय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. बाई झाल्यापासून हे दोन शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाले… आणि किती हलकं वाटलं!

सोमवारी कमल शाळेत आली. पुढे तिच्या घरातली मॅट्रिक होणारी ती पहिली.

मी तीसेक वर्षं शिकवलं. मुलांनी खूप विचारलं, आणि न येणारं मी कधी लपवलं नाही. ते धाडस मला चौदा वर्षांच्या एका मुलीने दिलं… तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानते.