दिघीकडनं तिघं आले

मला सांभाळून घेतलं ते आमच्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्या एका माणसानं. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. चाकणला जाताना तो आणि आणखी चौघं मोबाइलवर रणगाड्यांची लढाई खेळायचे. त्यातला एक गावी गेला, म्हणून मला घेतलं. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून आलेल्या माझ्याशी इथं बोलणारी माणसं तेवढीच.

खेळण्याआधी तो अंगठा पँटीला पुसायचा. त्याचा जड रणगाडा पुढं, बाकीचे त्याच्या मागं आणि कडेला राखणीला एकटा मी. पहिल्याच दिवशी समोरचे माझ्या बाजूनं घुसले. नकाशावरची इंग्रजी अक्षरं मला घाईत वाचता येईनात, म्हणून मी गप्प बसलो. आमचे सगळे मागून मारले गेले.

"याला काढा राव," एक जण म्हणाला.

पण जड रणगाडा चालवणारा तो माझ्याकडं सरकला. नकाशावर बोट ठेवत म्हणाला, "ही टेकडी दिघी, हा पूल पिंपरी, हे तळवडे. आपल्या इथलीच नावं आहेत, आता येईल सांगता? आणि भीती वाटली तरी बोल भावा. तू गप्प राहिलास की आम्हाला वाटतं, तिकडं सगळं ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी मी कापऱ्या आवाजात म्हणालो, "दिघीकडनं तिघं आले." त्यानं लगेच सगळ्यांना तिकडं वळवलं. माझी जागा टिकली.

भीती अजून वाटतेच. पुढं असतो म्हणून दरवेळी आधी त्याचाच रणगाडा जळतो. एक दिवस जड रणगाडा मी घेईन आणि त्याला माझ्या मागं उभं करीन.