काडीहून केसभर बारीक

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी मी त्यांच्या मोडीत निघालेल्या बैलबंडीचं लहानसं मॉडेल करत होतो, तेही त्याच बंडीच्या सागाचं. चाकाच्या मधल्या तुंब्याला आऱ्यांसाठी भोकं पाडताना दोन तुंबे उभे फाटले. आता नेमकं दोन चाकांपुरतंच लाकूड उरलं होतं. ते आणि माझं ड्रिल बिट खिशात घालून मी अकोल्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझं ड्रिल बिट काचेवर लोळवलं. ते डुगडुगत गेलं.

"वाकडं हाय. अन् जाड बी. आरा केवढा तुमचा?"

मी आऱ्यांसाठी तासलेली बांबूची काडी पुढे केली. त्यांनी डबीतली बिटं एकेक करून काडीशेजारी धरली आणि काडीहून केसभर बारीक असलेलं निवडलं.

"आधी दाभणानं खूण करा. मंग हातानंच फिरवा, मशीन नको. मधूनमधून भुसा झाडत जा."

"अन् पुन्हा फाटलं तर?"

"भोकानं नाही फाटत, भाऊ. लाकडाले घाई सोसत नाही."

गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी पहिलं भोक त्यांनी स्वतःच पाडून दिलं. फुंकर मारली, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

उरलेली भोकं मी चार दिवस लावून पाडली. एकही तुंबा फाटला नाही. वाढदिवशी बाबा चाक बोटानं फिरवत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "बैल कुठी हायेत रे?"