कोचीनचा बरा महिना

मालवणच्या धुरीवाड्यातल्या सुभद्रा पारकरला वयाच्या पस्तिशीपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्यावर जे गुदरलं ते सगळं त्यामुळेच. ती हकिगत तिनं मला १९६८ साली आमच्या ओसरीवर बसून सांगितली, हातातली कोकमं फोडता फोडता. आवाज कुठे चढला नाही. मध्येच उठून तिनं हात धुतले, पाणी प्यायली आणि पुन्हा पुढे सांगायला लागली. मालवणात तोवर तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती.

आईवडील पटकीच्या साथीत गेले तेव्हा सुभद्राचं नुकतंच लग्न झालेलं होतं. मागे राहिलेली सहा वर्षांची बहीण विमल तिनं आपल्याबरोबर सासरी आणली. पारकरांनी नाही म्हटलं नाही. नवरा एकोणपन्नास साली तापानं गेला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून सुभद्राला म्हणून जे काही होतं ते विमलच. विमलला पाटी-पेन्सिल दिली ती सुभद्राच्या दिरानं, रविकांतनं. तो प्राथमिक शाळेत मास्तर होता. सुभद्रापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असला तरी नात्यानं धाकटा, म्हणून तिला वयनी म्हणे. पंचावन्न साली विमलचं स्थळ त्यानंच पाहिलं. मुलगा गुरुदास, कोचीनला मट्टांचेरीत एका मिरीच्या व्यापाऱ्याकडे कारकून. लग्नाचा मांडव रविकांतनं स्वतः उभा राहून घातला. सुभद्रा हे सांगताना म्हणाली, "त्या दिसा मी त्येच्या पायां पडलंय होतंय. धाकटो दीर, तरी पडलंय."

विमल गेली आणि पत्रं सुरू झाली. वाडीतल्या सगळ्यांचीच पत्रं रविकांत वाचून दाखवी आणि उत्तरंही लिहून देई. मुंबईच्या गिरणीतून आलेली, बोटीवरून आलेली, कसलीही. त्याच्या वाचण्याबद्दल कधी कुणाला शंका आली नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. विमलचं पत्र आलं की तो सुभद्राला हाक मारी. ती चुलीपाशी काम टाकून येई आणि उंबऱ्यात बसे.

पहिल्याच वर्षी विमलनं बहिणीला कोचीनला बोलावलं. निदान सुभद्राला तसं कळलं. पण हवा बघून ये, असं तिनं लिहिलं होतं म्हणे.

"आता फाल्गुन-चैत्रात येव नको म्हणता," रविकांत पत्रावरून नजर न काढता म्हणाला. "थंय उकाड्यान माणूस हैराण होता. घाम सुकणा नाय."

"उकाडो आमच्याकडे काय कमी आसा?" सुभद्रा म्हणाली.

"थंयचो येगळो. चारी बाजून खाडयेचा पाणी."

मग आषाढात पत्र आलं तेव्हा तिकडे पाऊस होता, रस्ते पाण्याखाली होते. दसऱ्यानंतर आलं तेव्हा परतीचा पाऊस आणि विजा होत्या. डिसेंबरात वादळं होती. पुढच्या साली शहरात देवीची साथ होती, त्याच्या पुढच्या साली पुन्हा उकाडा. सुभद्रा दर खेपेला मान हलवी आणि सांगे, "तिका लिव, तू म्हणशीत तेव्हा येतंय. माझ्या काळजेन जीव खाव नको." रविकांत टाक शाईत बुडवून लिही.

तिला एकदा वाटलंही होतं, की ज्या गावाला वर्षातला एकही महिना बरा नाही तिथे लोक राहतात तरी कसे. पण हा विचार तिथेच थांबला. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. रविकांतची बायको शेवंती दम्यानं बेजार, जिना चढली तरी बसून राही. तीन मुलं, दोन म्हशी, माडांची राखण, भात कांडणं, सगळं सुभद्रावर. विचार करायला सवड मिळे ती विहिरीवर घागर भरेपर्यंत.

अठ्ठावन्न सालच्या शेवटी विमलचं बाळंतपण जवळ आल्याचं कळलं. सुभद्रा जायला निघालीच होती. रविकांतनं पत्र वाचलं, की बाळंतपण इस्पितळात व्हायचं आहे, शेजारच्या कोकणी बोलणाऱ्या बायका मायेच्या आहेत, आणि एवढ्या वादळात एकटीनं प्रवास करून जीव धोक्यात घालू नकोस. जानेवारीच्या अखेरीस दुसरं पत्र आलं. मूल पोटातच गेलं. विमल सुखरूप आहे, पण तिला इतक्यात कुणाचं तोंड बघवत नाही. सुभद्रा त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडली. रविकांतनं तिला बाहेर येऊन धीर दिला. त्यानं धीर दिल्याचं तिला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

एकसष्टच्या चैत्रात गंगाराम नावाचा खलाशी घरी आला. तो कौलं वाहणाऱ्या पडावावर, छोट्या गलबतावर, काम करी. एरवी पडाव मंगळूरहून परते. त्या साली पहिल्यांदाच माल घेऊन कोचीनपर्यंत गेला होता. तिथे धक्क्यावर त्याला गुरुदास भेटला, आणि मालवणचा माणूस म्हणून त्यानं त्याला घरी जेवायला नेलं. गंगाराम आला तेव्हा रविकांत शाळेत होता. सुभद्रा मागल्या दारी नारळ सोलत होती.

"वयनी, तुझी भैण मेळली माका," गंगाराम म्हणाला. "बरी आसा. पण इचारी होती, आका माझ्यार कसल्या रागान बसली हा?"

"राग?" सुभद्रानं कोयता खाली ठेवला. "माझो?"

"पाच वर्सां बोलयता म्हणता. डिसेंबर-जानेवारीत ये, हवा ग्वाड आसता, म्हणान दर साली लिवता. तू येणंस नाय. बाळंतपणाकव इलंस नाय."

"डिसेंबरात थंय वादळां आसतत."

गंगाराम हसला. "कोणी सांगल्यान? त्या दिसांत थंय आंग पुसूक लागणा नाय. बरो म्हयनो थंय तोच एक."

सुभद्रा मला म्हणाली, की तिला लगेच काही कळलं नाही. आधी वाटलं गंगाराम चुकतो आहे. मग वाटलं विमल खोटं बोलते आहे. रविकांतचं नाव मनात यायला संध्याकाळ झाली, आणि ते आलं तसं तिनं ढकलून दिलं. रात्री त्याला जेवायला वाढलं, त्यानं मागितलं तसं सार वाढलं, आणि विचारलं काहीच नाही. चार दिवस ती तशीच राहिली. पाचव्या दिवशी तिनं गंगारामनं सांगितलेला विमलचा पत्ता बंदरावरच्या दुकानदाराकडून कागदावर लिहून घेतला आणि गाठोडं बांधलं.

"मी कोचीनाक जातंय," तिनं रविकांतला सांगितलं.

तो चमकला. "आता? वयनी, वैशाख तोंडार इलो. ह्यो थंयचो सगळ्यांत वायट म्हयनो. आता कोण जाता थंय? जावचाच तर..."

तो मध्येच थांबला. सुभद्रानं गाठोड्याची गाठ ओढली.

"जावचाच तर कधी?" तिनं विचारलं.

रविकांत छत्री घेऊन शाळेकडे निघाला. तिथला बरा महिना त्याला ठाऊक होता. तिला पुढे विचारायची गरज राहिली नाही.

एसटीनं बेळगाव, तिथून हुबळी, मंगळूर, आणि पुढे आगगाडी. अनोळखी मुलूख, अनोळखी बोली. ती कागद दाखवी आणि लोक बोट दाखवत. पाचव्या दिवशी कोचीनला उतरली तेव्हा हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. पण ती मला म्हणाली, "खोटा कशाक बोलू, माका मालवणासारख्याच वाटला. थंयचो उकाडो येगळो नाय होतो."

मट्टांचेरीच्या बोळातल्या घराचं दार विमलनंच उघडलं. ती वाळली होती. सुभद्राला ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण ती पुढे आली नाही.

"आता इलंस?" विमल म्हणाली.

"तू कधी ये म्हटलंस ता माका ठावक नाय," सुभद्रा म्हणाली. "सांग माका. तू काय लिवलंस ता सगळा सांग."

त्या दुपारी विमलनं पत्र्याची पेटी उघडली. तिची स्वतःची पत्रं अर्थातच तिच्याकडे नव्हती. ती मालवणला रविकांतच्या कपाटात. पण मालवणहून आलेलं प्रत्येक उत्तर तिनं जपून ठेवलं होतं. ती एकेक वाचत गेली. अक्षर रविकांतचं, शब्द सुभद्राच्या नावाचे. "चि. विमल हीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. तिकडील हवा मला मानवेल असे वाटत नाही." "येथील घर सोडून निघावे अशी मला फारशी इच्छा होत नाही." "वारंवार आग्रह करू नये."

"ह्या मी सांगूक नाय," सुभद्रा प्रत्येक पत्रानंतर म्हणत राहिली. विमल वाचत राहिली.

मग ती एका पत्रापाशी थांबली. गरोदरपणात तिचे पाय सुजले होते, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती, म्हणून तिनं नोव्हेंबरात लिहिलं होतं, की आका, आता इकडे हवा सुंदर पडेल, डिसेंबरात ये, मला तुझ्याशिवाय कुणी नाही. उत्तर आलं होतं, जमणार नाही. मुलगी जानेवारीत झाली. पोटात गेली नव्हती. जन्मली होती, आणि एकोणीस दिवस जगली. त्या एकोणीस दिवसांत विमलनं दोनदा लिहिलं होतं, अजून तरी ये. मुलगी गेल्याचं तिनं कळवलं, त्यावर मालवणहून आलेलं पत्र तिनं वाचून दाखवलं नाही, तोंडपाठ म्हटलं: "झाले ते झाले. देवाच्या मनात तसे होते. मन घट्ट करावे."

सुभद्राला त्या मुलीचं नावही माहीत नव्हतं. तिनं ते विचारलं. "सुगंधा," विमल म्हणाली आणि पेटी बंद केली.

सुभद्रा कोचीनला चार महिने राहिली. पाऊस लागला, बोळातून पाणी वाहिलं. दोघी एकत्र स्वयंपाक करत, एकाच खोलीत निजत. एकदा विमल म्हणाली, "माका पटला, आका. तू तशी नाय ता माका पटला. पण अडीच वर्सां मी तुका मनात शिवे देत रवलंय. ता एका दिसात कसा जातला?" सुभद्रानं तिच्यावर घाई केली नाही. सासूची तब्येत खालावल्याचा निरोप आला तेव्हा ती निघाली. विमल स्टेशनवर पोचवायला आली, डबा भरून दिला, वाकून नमस्कार केला. आणखी राहा म्हणाली नाही.

मालवणला आल्यावर सुभद्रानं सासूला आंघोळ घातली, कपडे बदलले, आणि मग रविकांतला पडवीत गाठलं.

तो नाकारेल असं तिला वाटलं होतं. त्यानं नाकारलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "आये अंथरुणार. शेवंतीक दोन घागरी उचलूक जमणत नाय. पोरां बारकी. तू गेलंस असतंस तर परत इलंस नसतंस."

"मगे तसा सांगूचा. जाव नको म्हणूचा."

"कसा सांगू? तुझीच एक भैण ती."

"सांगला असतस तर मी रवलंय असतंय," सुभद्रा म्हणाली. "तुका ह्या ठावक होता. म्हणानच तू इचारूक नाय."

"पहिल्या खेपेक वाटला, एक साल जाव दे," तो पुटपुटला. "मगे मागे फिरूक येयना."

मुलीच्या पत्रांबद्दल तिनं विचारलं तेव्हा मात्र तो उठून आत गेला. ती तिन्ही पत्रं त्यानं जाळून टाकली होती, हे तिला नंतर शेवंतीकडून कळलं.

सुभद्रानं घर सोडलं नाही. सासूला तिच्यावाचून दुसरं कुणी नव्हतं आणि त्या म्हातारीचा यात काही दोष नव्हता. पण तिनं पडवीच्या टोकाला वेगळी चूल मांडली. रविकांतच्या ताटात त्यानंतर तिच्या हातचं अन्न पडलं नाही. वाडीत लोकांनी तर्क केले.  त्रेसष्टात सासू वारली. रविकांत पुढे हेडमास्तर झाला, आणि लोक शेवटपर्यंत त्याच्याकडे पत्रं घेऊन येत राहिले. सुभद्राला ते दिसे. एखाद्या बाईला सावध करावं असं मनात येई, पण इतरांची पत्रं तो अक्षरन् अक्षर खरी वाचतो हेही तिला ठाऊक होतं.

बासष्टच्या हिवाळ्यात देवळात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. ती त्यात जाऊन बसली. बाकीच्या बायका सही शिकून थांबल्या; सुभद्रानं जोडाक्षरं पुरी करेपर्यंत पाटी सोडली नाही. स्वतः वाचलेलं विमलचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. प्रकृती ठीक, गुरुदासांचा पगार वाढला, पाऊस कमी, तू जप. ते तिनं एक दुपारभर वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण तिला वाटलं आपलं वाचन कच्चं आहे, एखादी ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. पुढच्या पाच वर्षांतल्या पत्रांतही 'ये' असा शब्द आला नाही.

पोस्टमन अजूनही टपाल मास्तरांच्या हातात देई. रविकांत तिचं पत्र तिच्या चुलीपाशी नेऊन ठेवी आणि लगेच मागे वळे. एकदाच तो थांबला होता.

"विमल बरी आसा मां?" त्यानं विचारलं.

"बरी आसा," सुभद्रा म्हणाली, आणि तो पडवी उतरून जाईपर्यंत तिनं पाकीट फोडलं नाही.