गालावरचा रुमाल

नालासोपाऱ्याच्या आमच्या दवाखान्यात समोरासमोर दोन केबिनी होत्या. एकीत रोज दातांचे डॉक्टर बसायचे, दुसरीत बुधवारी मुंबईहून मनाचे डॉक्टर यायचे. नंबर मी लावायचे.

ती मनाच्या डॉक्टरांकडे यायची, पण बसायची दातवाल्यांच्या बाकावर, गालाला रुमाल लावून. वसईच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, घर सांडोरला. बसल्या बसल्या स्वतःचीच नाडी धरायची. बाक रिकामा झाला की पटकन समोरच्या दारात शिरायची. त्याआधी मला दर वेळी विचारायची, "बाय, कोनाला सांगनार नाय ना? माज्या हातून मग इंजेक्शन कोन घेल?" मी मान हलवली की मगच ती श्वास सोडायची.

एका बुधवारी तिच्याच गावची एक म्हातारी सुनेला घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली.

"सिस्टर, तुमी इथं?"

"दाढ दुकते."

म्हातारी मायाळू होती. "मंग तुमी आदी जा. आमाला घाई नाय," म्हणत तिने तिला हाताला धरून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि दारातच उभी राहिली. मी खुर्चीतून अर्धी उठले, पण बोलणार काय?

आतून डॉक्टर म्हणाले, "दाढ किडलेली दिसत नाही, सिस्टर."

"काढून टाका, डॉक्टर. सहन होत नाही."

ती बाहेर आली तेव्हा रुमाल लाल झाला होता. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. समोरच्या दाराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिली, मी मान हलवेपर्यंत.