जास्त धुराचे ढग

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी गुलबर्ग्याला माझा प्रकल्प होता. हवेत धूर-धुळीचे सूक्ष्म कण, म्हणजे एरोसोल, वाढले की ढगांचं काय होतं, हे पाहायचं. विभागातल्या एकुलत्या संगणकावर हवामानाचं मॉडेल मी दोनदा चालवलं. एकदा कमी कण देऊन, एकदा जास्त. दरवेळी चार दिवस लागत. मध्ये वीज गेली की पुन्हा सुरू करायचं.

जास्त कणांच्या ढगांनी जास्त पाऊस दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावी, ठाणाकुशनूरला, पावसानं ओढ दिली की बांधावर ओल्या पाल्याची धुरी करत. धुरानं ढग धरतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. शास्त्रही तेच म्हणतंय याचा उलट आनंदच झाला.

सादरीकरण सकाळी अकरा वाजता होतं. ते नीट झालं तर माझे मार्गदर्शक सर पुण्याच्या हवामान संस्थेसाठी शिफारसपत्र देणार होते. अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. त्या सकाळी आकृत्या पुन्हा बघताना मी एका ठिकाणी अडलो. जास्त कणांच्या ढगात थेंब कमी आणि मोठे होते. कण वाढले तर तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक व्हायला हवेत, आणि बारीक थेंबांचा पाऊस कमी पडतो.

सरांकडे गेलो. ते आमच्याच भागातल्या भालकीकडचे, माझ्याशी घरच्यासारखंच बोलत.

"आकृत्यांची नावं उलटी पडली असतील," ते म्हणाले. "फिरव, निष्कर्षबी फिरव. तासभर हाय अजून."

कोणाला कळलंही नसतं. मी एक नाव बदललं आणि थांबलो. वीज गेल्यावर पुन्हा सुरू करताना कोणती फाईल दिली, याची मी नोंदच ठेवली नव्हती. नावं उलटली होती, की कणांची फाईलच चुकीची दिली होती? आधी गावाला पटणारं मी मान्य केलं, आता पुस्तकाला पटणारं करत होतो. तपासलं दोन्ही वेळा नव्हतं.

"सर, मला खात्री न्हाई. पुन्हा चालवावं लागंल."

"आठ दिवस जातील. अर्ज जायलाय हातचा, कळतंय का?"

"व्हय, सर."

त्यांनी आकृत्या माझ्याकडे सरकवल्या. "मग तिथं तूच सांग. मी न्हाई सांगणार."

अकराला परीक्षकांसमोर मी दोन्ही आकृत्या लावल्या. यातली कोणती कशाची, हे आज मला सांगता येत नाही, म्हणालो. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

पत्र मिळालं नाही. दुपारी संगणक पुन्हा सुरू केला आणि वहीत वेळ लिहिली.