सिरक्याचं पिंप

शेजारणीचं स्टीलचं पिंप मी तारेच्या घासणीने घासलं, वरून राखही लावली. आता हसू येतं. तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. नुकतीच सासू झाले होते ना! दिघोरीत माझ्याइतकी लख्ख भांडी कोणाच्या मांडणीवर नाहीत, हे सुनेला रोज ऐकवत होते.

ही शेजारीण मोहफुलांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायची. वाळवलेली फुलं पाण्यात घालायची, पिंपाच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधायची आणि ते आंबेपर्यंत त्याच्याशी बोलायची. "कसा हायेस रे बाबू?"

तिचा नवरा ओसरीवरून ओरडायचा, "मले विचारलं का कधी असं?"

"तुम्ही त कवाचेच आंबले," ती म्हणायची.

पिंपाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सिरका काढला की गाळ वाळायच्या आत ती कोमट पाणी ओतायची. मग धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवायचं, मऊ फडकं फिरवायचं, तोटीसुद्धा खोलून धुवायची. "ओरखडा पडला का त्यात मागचा वास लपून बसते," हे तिचं नेहमीचं.

एकदा भाऊ आजारी पडला म्हणून ती एकोडीला गेली. घराची किल्ली मला दिली. "पोरी, सोड्यात नुसतं भिजू दे. घासू नोको. मी आली का पाहीन."

पन्नाशीच्या बाईला पोरी! त्या रागात मी जरा जास्तच जोर लावला. ती परतली तोवर आत तारेचे कण रुतून तांबूस ठिपके उगवले होते. अंगणात फुलं वाळून तयार, आणि पिंप गंजायला लागलेलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आत हात घालून ओरखडे चाचपले, पोराचा फुटलेला गुडघा चाचपावा तसे.

"पोरी, स्टीलले बी चामडी असते. तू सोलली."

मग लिंबूसताचं पाणी पिंपात भरलं. ठिपके गेले. स्वच्छ धुऊन पिंप सावलीत उपडं ठेवलं. "आता हवा लागू दे. चामडी आपोआप धरते."

त्या वर्षी सिरका मडक्यात गेला. पुढे पिंप पुन्हा भरलं, पण किल्ली माझ्याकडे कधी आली नाही. मला तेच लागलं. वर्षानुवर्षं मी तिच्या अंगणात पाणी ओतायला जात राहिले. फडकं मात्र तिने हातात दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेरावं झाल्यावर तिची लेक पिंप दोन्ही हातांनी कवटाळून माझ्या दारात उभी.

"मले कायले वो बाई?" मी म्हटलं. "मीच त खराब केलं होतं."

"आई म्हणे, काकूलेच दे. बाकीच्यायले घासाची हौस हाय, तिची फिटली हाय."